माझ्या बॅरलला मानवलेली गोळी

नवं बॅरल, म्हणजे नळी, बसवलेली माझी पॉइंट टू टू (०.२२ इंची) स्पर्धेची रायफल डिसेंबरात तयार झाली. स्टॉकची म्हणजे दस्त्याची लांबी, गाल टेकवायचा चीकपीस, खांद्याशी टेकणारी बटप्लेट, सगळं माझ्या मापाचं. तिच्यात कोणती गोळी घालायची, हे ठरायला मात्र एप्रिल उजाडला.

भाच्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, पॉइंट वन सेव्हन का नाही घेत? ती सरळ जाते म्हणे." त्याचं चूक नव्हतं. त्या बारीक कॅलिबरची, म्हणजे कमी व्यासाची, १७ ग्रेनची (साधारण १.१ ग्रॅमची) गोळी सेकंदाला पावणेआठशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. पण ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत ५.६ मिलिमीटरची पॉइंट टू टू लाँग रायफलच चालते. हे काडतूस १८८७ पासूनचं. त्यामुळे कॅलिबरचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो त्या एका कॅलिबरमधल्या गोळ्यांच्या असंख्य डब्यांचा.

निदान हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची गोळी तरी घ्यावी, असं मला वाटत होतं. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर दुपारी वारा सुटला की वारा दाखवणाऱ्या झेंड्या सारख्या दिशा बदलतात. गोळी जितकी लवकर पोचेल तितकी कमी सरकेल, असा माझा हिशेब होता. माझे प्रशिक्षक, म्हणजे सर, यांनी तो खोडून काढला. "अगं, गोळी किती वेळ हवेत आहे यावर ते ठरत नाही. हवेच्या अडथळ्याने तिचा किती वेळ वाया जातो, त्यावर ठरतं." हाय व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि तिथून ध्वनीच्या वेगाखाली येते. नेमक्या त्याच पट्ट्यात अडथळा सर्वांत जास्त, म्हणून आडव्या वाऱ्यात ती संथ गोळीपेक्षा जास्त सरकते. शिवाय तो पट्टा ओलांडताना ती डगमगू शकते, ते वेगळंच. मॅचची गोळी ३२५ च्या आसपास निघते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना ध्वनीचा वेग ३३७ असतो, एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना ३५४. दोन्ही वेळी ती खालीच राहते. हे कळल्यावर हाय व्हेलॉसिटीचा विषय मी मनातून काढून टाकला.

मग सुरू झाली लॉटची, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या गोळ्यांच्या खेपांची, परीक्षा. सेंटरफायरमध्ये, म्हणजे पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यात असतो त्या प्रकारात, बंदुकीची दारू तोलून आपल्या रायफलला हवी तशी गोळी बांधता येते. रिमफायरमध्ये, म्हणजे आमच्या पॉइंट टू टूमध्ये, ती सोय नाही. पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे कारखान्यातून आलेल्या मालातूनच निवडायचं. मसाला, शिसं, मेणाचा थर यांत जरासा फरक पडला की लक्ष्याच्या कागदावर दिसतो. वेगात एक टक्का फरक, म्हणजे सेकंदाला तीन-सव्वातीन मीटर, पडला तर ५० मीटरवर गोळी सुमारे अडीच मिलिमीटर वर-खाली जाते. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं. त्यात अडीच मिलिमीटर म्हणजे किती, ते प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारणाऱ्यांना सांगायला नको.

आम्ही चार लॉट घेतले, त्यांतले दोन एकाच नावाचे. पहाटे, वारा पडलेला असताना, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे चार ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, मारले. लॉट बदलला की बॅरल साफ करायचं आणि पहिले वीस शॉट मोजायचे नाहीत, कारण नव्या गोळीचं मेण आत बसेपर्यंत ग्रुप भरकटतो. हे वीस शॉट वाया घालवताना जीवावर येतं. परवान्यावर वर्षाला ठरावीकच गोळ्या मिळतात. पण ही पायरी गाळली असती, तर पुढच्या मापांना काही अर्थच उरला नसता.

घरी जेवणाच्या टेबलावर व्हर्नियर घेऊन बसले. एका ग्रुपमधल्या सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यातून गोळीच्या व्यासाचे ५.६ वजा करायचे; आकडा जितका लहान तितकं चांगलं. सर्वांत महाग लॉटची सरासरी २१ मिलिमीटर आली, आणि भोकं उभी पसरलेली. मधल्या किमतीच्या लॉटची १४. त्याच नावाच्या दुसऱ्या लॉटची १९! डबा तोच, रंग तोच, छापलेला वेगही जवळपास तोच. कितीतरी वेळ मी ते दोन कागद शेजारी ठेवून बघत होते. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. माझ्या बॅरलला न मानवलेला लॉट तुमच्या बॅरलला मानवू शकतो, आणि तो पुढच्या महिन्यात दुकानात असेलच असं नाही.

एवढ्यावर सर थांबू देईनात. थंडीत चांगली चालणारी गोळी उन्हाळ्यातही बघायला हवी, म्हणाले. एप्रिलमध्ये, डबा सावलीत ठेवून, त्याच लॉटचे चार ग्रुप पुन्हा मारले. सरासरी १५. त्याच संध्याकाळी त्या लॉटचा जेवढा माल परवान्यात बसत होता तेवढा सांगून ठेवला.

रेंजवर हल्ली गर्दी असते. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं. तो याच बालेवाडीत सराव करणारा, त्यामुळे पोरंपोरी हौसेने येतात. त्यांच्यातलीच एक मुलगी त्या दिवशी माझ्या मागे उभी होती. नव्या लॉटची पहिली मालिका. सात शॉट दहाच्या वर्तुळात, आठवा ९.४, डावीकडे. "ताई, गोळी खराब होती का?" तिने विचारलं. नाही म्हणाले. वारा उजवीकडून आला होता, आणि मी झेंडी बघितली नव्हती.