मऊ सीटचे सुख कराडपर्यंत

मोटरसायकलची सीट पारखताना आपण ती अंगठ्याने दाबून पाहतो आणि अंगठा जितका खोल रुतेल तितके समाधान पावतो. ही परीक्षा साताऱ्यात पोवई नाक्यापुरती ठीक असते. कोल्हापूरचा रस्ता धरला, की पन्नासेक किलोमीटरवर कराड येईपर्यंत त्या मऊपणाचे पितळ उघडे पडते. मग उतरणारा प्रत्येक जण कंबर धरून उभा राहतो. दुखत असते दुसरेच, पण चारचौघांत कंबरेचे नाव घेणे सभ्यपणाचे.

बसल्यावर धडाचा बराचसा भार ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर येतो. मऊ फोम त्यांना आधी लाडाने आत घेतो, पण हळूहळू पुरता दबून जातो आणि ती हाडे जणू सीटच्या तळालाच टेकतात. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या, की आधी बधिरपणा आणि मग कळ. हाताला कडक लागणारा दाट फोम मात्र तोच भार मांड्यांपर्यंत पसरवतो, म्हणून सीट नव्याने भरून घेताना कारागिराला ‘मऊ करा’ असे न सांगता ‘दाट फोम घाला आणि पुढचा उतार काढा’ असे सांगावे. उतार राहिला तर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीकडे घसरतो आणि जीन्सची जाड शिवण नको तिथे रुतते.

उन्हाळ्यात रेक्झिनखाली घाम साचतो. त्यावर मला जेलच्या गादीपेक्षा माणदेशी घोंगडीची दुहेरी घडी अधिक पटते, कारण लोकरीतून थोडी हवा खेळते. फक्त ती घट्ट बांधलेली हवी.

विशेष म्हणजे पसरणी घाटात किंवा यवतेश्वरच्या वळणांवर हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण तिथे अंग सारखे या कुशीवरून त्या कुशीवर होत असते. छळतो तो सरळ, गुळगुळीत महामार्ग. तिथे तासाभराने उतरून चार पावले चालावे, आणि गतिरोधक दिसताच वेग कमी करून पायांवर भार घेत किंचित उठावे. मागे बसलेल्याला हे साधत नाही, कारण त्याला पुढचे हेल्मेट तेवढे दिसते. म्हणून आमच्या घरी पुढच्याने ‘आला!’ असे ओरडण्याचा दंडक आहे, आणि तो पाळूनही सीट बदलण्याचा विषय दर वेळी मागूनच निघतो.