रस्त्यावर आणि रुळावर चालणारं एकच चाक

भुसावळच्या आमच्या डेपोत अप्रेंटिस मुलं आली की पहिला दिवस मी चाकावरच घालवतो. त्या दिवशी चाक मोजायचं गेज हातात घेतलं आणि जामनेरकडची एक मुलगी म्हणाली, "सर, पॅसेंजर स्टेशनात सोडते, तिथून बाजारात जायला पुन्हा रिक्षा. गाडीच का नाही जात बाजारात?"

मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या लोकांचं हेच दुखणं होतं. १९१३ साली तिथलं मुख्य स्टेशन मध्यवस्तीपासून लांब गेलं. मग १९९२ मध्ये रस्त्यावरची ट्राम थेट रेल्वेच्या रुळावर घातली आणि ब्रेटेन गावापर्यंत नेली. गाडी न बदलता माणूस बाजारपेठेत उतरू लागला आणि त्या मार्गावरचे प्रवासी कित्येक पटींनी वाढले.

"एवढं सोपं?" मागून एकानं विचारलं.

त्याला लेथवरून नुकत्याच उतरलेल्या चाकाजवळ नेलं. फ्लँजवर, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या आतल्या कडेवर, अजून लोखंडाचा कीस चिकटलेला. "बोट फिरव. ही जाडी २८-२९ मिलिमीटर. रस्त्यातल्या ट्रामच्या रुळाला अरुंद खाच असते, तिच्यात हा फ्लँज नीट बसणार नाही. ट्रामचा बारीक फ्लँज रेल्वेच्या क्रॉसिंगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथं आणला, तर चेक रेल, म्हणजे चाकाला वाटेवर ठेवणारा शेजारचा जादा रूळ, त्याला धरणार नाही आणि चाक भलत्याच वाटेला लागेल." यावर कार्ल्सरूहेवाल्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. चाकाची आतली बाजू दोन टप्प्यांची केली. खालचा भाग बारीक, खाचेसाठी; वरचा जाड. रेल्वेच्या चेक रेल उंच केल्या, म्हणजे तो जाड भाग त्यांना टेकून सरळ जातो. सगळी योजना या काही मिलिमीटरांवर उभी आहे.

विजेचं आमच्या पोरांना पटकन कळलं. मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) आणि इकडे एसी (दिशा बदलत राहणारी) होती तेव्हा इगतपुरीला इंजिन बदलायचं, हे घरोघरी ऐकलेलं. कार्ल्सरूहेची ती ट्राम शहरात ७५० व्होल्ट डीसीवर आणि बाहेर १५,००० व्होल्ट एसीवर चालते. मधल्या वीज नसलेल्या तुकड्यातून वेगाच्या जोरावर निघून जाते.

"आपल्याकडे होईल का?" मुलीनं विचारलं.

खरं तेच सांगितलं. कोलकात्याची ट्राम १४३५ मिलिमीटरच्या रुळावर, आपली ब्रॉडगेज १६७६ची; गाडी मुळापासून नवी बनवावी लागेल. भुसावळ-जळगावच्या मेन लाइनवर मालगाड्यांच्या गर्दीत तिला जागा मिळणं अवघड. चाळीसगाव-धुळ्यासारख्या शाखेवर विचार करायला हरकत नाही, असं माझं मत. ट्रामचा सांगाडा रेल्वेच्या डब्याइतका धडक सोसणारा नसतो, त्यामुळे सिग्नल आणि ब्रेक दोन्ही पक्के हवेत.

ती गप्प बसली नाही. "सर, आपले उंच फलाट ७६० मिलिमीटरच्या वर, आणि रस्त्यावर तर फलाटच नसणार. मग दाराची पायरी किती उंचीवर ठेवायची?"

चहाची सुट्टी झाली तरी कोणी उठलं नाही. खडू घेऊन पोरं जमिनीवरच दाराचं चित्र काढायला बसली.