तुम्ही विचारलंत म्हणून: बुस्केट्सच का?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलं की कुणीतरी हा प्रश्न टाकतोच. "काका, बार्सिलोनाचे एवढे फॅन तुम्ही, आणि आवडता प्लेअर मेस्सी सोडून बुस्केट्स? त्यानं केलंय काय?" सर्जिओ बुस्केट्स म्हणजे बार्सिलोना क्लबकडून आणि स्पेनकडून मधल्या फळीत खेळलेला फुटबॉलपटू. गेल्या वेळी तर एका पोरानं मोबाईल काढून आकडेच नाकासमोर धरले. बार्सिलोनाकडून ७२२ सामने, गोल १८. स्पेनकडून १४३ सामने, गोल २. "दोन, काका! आमचा बचावातला स्टॉपर एका सीझनमध्ये मारतो."

आकडे खरे आहेत. वाद घालायला जागाच नाही.

मी स्वतः पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीममधून हाफला खेळलो. फॉरवर्डला घेण्याइतका वेग नव्हता, मागं ठेवण्याइतकं अंग नव्हतं, मग मधे. पेठेतल्या मॅचला हाफचं काम एकच: बॉल आला की पुढं ढकल. पायात बॉल जरा जास्त वेळ राहिला की पायऱ्यांवरून नावासकट शिव्या यायच्या. म्हणून २००८-०९ साली टीव्हीवर हा काटकुळा, लांब टांगांचा पोरगा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला त्याचीच भीती वाटली. तीन माणसं अंगावर येतायत आणि हा बॉल पायात घेऊन उभा! आता जाणार, आता जाणार म्हणेपर्यंत पास गेलेलासुद्धा.

नीट बघितल्यावर लक्षात आलं ते असं. बॉल बचावातल्या पिकेच्या पायात आहे, बुस्केट्स त्याच्यापुढं दहा-बारा पावलांवर, समोरच्यांच्या गोलकडं पाठ करून. पास निघायच्या आधी त्याची मान एकदा डाव्या खांद्यावरून मागं जाते, मग उजव्या. बॉल अजून वाटेतच असतो आणि पुन्हा एकदा. मागून कोण येतोय, कुठल्या बाजूनं, जोडीचा मिडफिल्डर झावी कुठं उभा आहे, सगळं बॉल येण्याआधीच डोक्यात. अंगावर येणाऱ्याला तो उजवीकडं निघाल्याचं नुसतं दाखवतो, तळव्यानं बॉल इंचभर मागं ओढतो, समोरचा त्याच वेगात पुढं निघून जातो, आणि पास डावीकडं. पळणं नाही, टॅकल नाही. हायलाइट्समध्ये यातलं काहीच येत नाही, कारण हायलाइट सुरू होतं ते झावीच्या पायात बॉल आल्यावर.

त्याची वाटचाल बघा म्हणजे अजून मौज वाटेल. २००७-०८ मध्ये हा पोरगा बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघात होता आणि तो संघ स्पेनच्या चौथ्या पायरीवरच्या लीगमध्ये खेळत होता. कोच पेप गार्डिओला. पुढच्या वर्षी गार्डिओलाला मुख्य संघ मिळाला, त्यानं याला सोबत वर नेलं. मे २००९ मध्ये रोमला मँचेस्टर युनायटेडला २-० हरवून युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग, त्याच सीझनमध्ये स्पेनची ला लीगा आणि स्पॅनिश कपही. जुलै २०१० मध्ये स्पेनकडून वर्ल्ड कप. दोन वर्षांत गल्लीतून थेट राजवाड्यात. घरात फुटबॉल होतंच म्हणा, वडील कार्लेस हे कोच क्रायफच्या काळातले बार्सिलोनाचे गोली.

वर्ल्ड कपची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी. पहिल्याच मॅचला स्पेन स्वित्झर्लंडकडून १-० हरला आणि खापर मधल्या फळीवर फुटलं. बुस्केट्स आणि झाबी अलोन्सो, दोन-दोन बचावात्मक मिडफिल्डर कशाला, एकाला बसवा, अशी ओरड झाली. बसवायचा म्हणजे अर्थात २१ वर्षांच्या पोराला. कोच देल बोस्के हलले नाहीत. उलट, मी पुन्हा खेळाडू झालो तर मला बुस्केट्ससारखं व्हायला आवडेल, अशा अर्थाचं बोलले. हे बोलणारा माणूस बार्सिलोनाच्या कट्टर वैरी रियल माद्रिदचा जुना मिडफिल्डर, म्हणजे समोरच्या पेठेतल्या वस्तादानं आपल्या पोराची पाठ थोपटावी तसं. पुढं बाद फेरीत स्पेननं चार मॅच खेळल्या, चारही १-० जिंकल्या. एकही गोल खाल्ला नाही. फायनलमधला इनिएस्टाचा ११६ व्या मिनिटाचा गोल सगळ्यांना पाठ आहे. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ते चार शून्य असतात. दोन वर्षांनी युरोही जिंकला, फायनलला इटलीला ४-० धुऊन.

आता त्याची दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल काका आंधळा भक्त. एप्रिल २०१० मध्ये इंटर मिलानविरुद्ध त्यांच्या थियागो मोटाचा हात लागला आणि हा तोंड धरून लोळला. मोटाला रेड कार्ड. पडल्या पडल्या बोटांच्या फटीतून रेफ्री काय करतोय ते साहेब बघत होते, आणि कॅमेऱ्यानं नेमकं तेच टिपलं. मला आजही ते बघवत नाही. शेवटच्या वर्षांत पाय आणखी जड झाले. मूळचाच वेग नाही. भोवतीचे सहकारी समोरच्यांवर दाब टाकायचे थांबले की मधल्या मोठ्या मैदानात एकटा उघडा पडायचा. २०२० मध्ये बायर्न म्युनिकनं बार्सिलोनाला ८-२ मारले त्या रात्री मी अर्ध्यात टीव्ही बंद केला.

आणि २०२२. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये तो स्पेनचा कॅप्टन, त्या २०१० च्या संघातला शेवटचा उरलेला. मोरोक्कोविरुद्ध ०-०, मग पेनल्टी. पहिल्या दोघांच्या चुकल्या, तिसरा हा. मोरोक्कोचा गोली बोनोनं अडवली. स्पेनची एकही पेनल्टी आत गेली नाही. दहा दिवसांत त्यानं देशाकडून खेळणं थांबवलं.

२०२३ ला बार्सिलोना सोडून अमेरिकेत इंटर मायामी क्लबला गेला, मेस्सीच्या मागं पुन्हा तेच काम करायला. डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या लीगची, एमएलएस कपची फायनल, व्हँकुव्हरविरुद्ध ३-१, तीच त्याची शेवटची मॅच. आपल्याकडं मध्यरात्र उलटून गेली होती. आवाज बंद करून, घरच्यांना न उठवता, तो मान किती वेळा मागं वळवतो ते मोजायला बसलो. दहाव्या मिनिटाच्या आतच आकडा चुकला.