उदाहरणार्थ, इडिपस

नेमाडेंची 'कोसला' ही कादंबरी शिकवायला घेतली की वर्गातलं कुणीतरी हटकून विचारायचं. आता निवृत्त झालो तरी सुटका नाही, लग्नाच्या पंगतीतही विचारतात, "सर, पांडुरंग सांगवीकरला शोकांतिकेचा नायक म्हणायचं का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

परीक्षेत हा प्रश्न दहा मार्कांना असायचा. एकाने लिहिलं होतं, 'नायकाची घोडचूक : घरचे पैसे उडवणे.' मी अर्धा मार्क दिला. आज एक दिला असता.

शोकांतिका कशी असावी हे सांगणाऱ्या ग्रीक ॲरिस्टॉटलला नायक नावारूपाचा, वैभवातला हवा. ना संत ना दुष्ट, आणि 'हामार्तिया'मुळे, म्हणजे घोडचुकीमुळे, कोसळणारा. या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे. पांडुरंग खानदेशातल्या खात्यापित्या घरचा. पुण्यात कॉलेजला येतो, होस्टेलवर राहतो, पैसे उधळतो, नापास होतो, गावी परततो. कोसळायला आधी उंची लागते. हा फार तर होस्टेलच्या कॉटवरून पडला. एवढं लिहिलं की पास. मलाही बरीच वर्षं एवढंच पुरत होतं.

मत फिरलं ते मनीपाशी. मनी म्हणजे पांडुरंगची धाकटी बहीण.

आता इडिपसकडे बघा. सोफोक्लीसचं ते ग्रीक नाटक सुरू होतं तेव्हा थीब्ज नगरात साथ पसरलेली असते. त्या साथीला कारण आहे. आधीचा राजा लायस, त्याचा खुनी नगरातच आहे. त्याला शोधून हाकला, साथ जाईल. आताचा राजा इडिपस चौकशीला बसतो. म्हातारा धनगर बोलायला तयार नाही, तर त्याचे हात मागे पिरगाळायला सांगतो. धनगर काकुळतीला येतो, पण हा थांबत नाही. उत्तर मिळतं, आणि ते तो स्वतःच असतो. मग जी बायको तीच आई निघाली, त्या योकास्ताच्याच वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना काढून डोळ्यांत खुपसतो. भयंकर आहे, पण हिशेब लागतो. कशाने काय झालं हे थीब्जला कळतं.

मनी देवीने जाते. रोग तोही, पण इथे पिरगाळायला कुणाचे हात नाहीत, हाकलायला खुनी नाही. पांडुरंग संतापतो, आणि तो संताप नेमका कुणावर काढायचा हेच त्याला सापडत नाही. त्याचा नेम चुकत नाही. समोर निशाणच नाही. आमच्या टिपणांत 'आधुनिक नायकाचे परात्मीकरण', म्हणजे जगापासून तुटलेपण, असा शब्द होता. मनीच्या पानांवर तो मला वर्गात मोठ्याने उच्चारता येईना.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. इडिपसचं सगळं उघड झाल्यावर कोरसमधले, म्हणजे घडतंय त्यावर गाऊन बोलणाऱ्या घोळक्यातले, थीब्जचे म्हातारे म्हणतात, तुझं उदाहरण समोर असताना कुठल्याच माणसाला सुखी म्हणवत नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'पारादेइग्मा' हा शब्द आहे, म्हणजे उदाहरणच. राजाचं उदाहरण होतं ते सगळं घडून गेल्यावर, आणि तसं नगर म्हणतं. १९६३ सालचा हा पोरगा पहिल्याच पानावर स्वतःच सांगतो की आपण 'उदाहरणार्थ' पंचवीस वर्षांचे आहोत. त्याच्याभोवती रडणारं नगर नाही, त्यामुळे कोरसचं कामही त्यालाच करावं लागतं, तेही नाटक सुरू व्हायच्या आधी.

तेव्हा नायक म्हणायचा का? मी म्हणतो, तो कोरसमधला म्हातारा आहे, पंचवीस वर्षांचा. पण पंगतीत इथवर पोहोचेपर्यंत मठ्ठा वाढणारा येतो.