ओव्हेर्नच्या डोंगरवाटा आणि काळ्या दगडाची चर्च

गोव्यात युरोप म्हटले की लिस्बन नाही तर लंडन, कारण तिथे प्रत्येकाचे कोणी ना कोणी असते. फ्रान्सला गेलेच तर लोक पॅरिस पाहून परततात. आम्ही फोंड्याची चालणारी मंडळी मे महिन्यात मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न या डोंगराळ प्रदेशात गेलो, ती मुख्यतः ज्वालामुखी पाहण्यासाठी. तेथील बाराव्या शतकातली रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या शैलीतली, चर्च वाटेत लागतील, एवढेच आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि ते पायी गेल्याशिवाय कळत नाही, असे माझे मत झाले आहे.

क्लेरमाँ-फेराँ शहराच्या पश्चिमेला सुमारे ऐंशी ज्वालामुखींची उत्तर-दक्षिण रांग आहे. 2018 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्वालामुखीचा खडक आपल्याला नवा नाही, कारण सत्तरीच्या पूर्व टोकाला दख्खनच्या बेसाल्टची किनार गोव्यातही पोचली आहे. मात्र आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर चढत गेला, त्यामुळे सह्याद्रीत ज्वालामुखीचा शंकू कुठे दिसत नाही. ओव्हेर्नचे ज्वालामुखी गेल्या एक लाख वर्षांतले आहेत. पावसापाण्याला त्यांचे आकार पुसण्याइतका अवधीच मिळालेला नाही. पारिऊ या डोंगराच्या लाकडी पायऱ्या चढून काठावर पोचले की खाली वाटोळे, हिरवळीने भरलेले विवर दिसते, आणि जिथे गवत झिजले आहे तिथे तांबडी-काळी, सच्छिद्र खडी बुटांखाली करकरते. तिचा एक खडा उचलून पाहिला तर तो इतका हलका की हातात दगड आहे असे वाटत नाही.

शेजारचा प्युई द दोम 1465 मीटर उंच आहे, पण त्याला विवरच नाही. त्याचा लाव्हा इतका घट्ट होता की तो वाहून न जाता बाहेर पडला तिथेच साचून घुमट झाला. मूळ क्लेरमाँच्या असलेल्या पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याचे मेहुणे फ्लोराँ पेरिए 19 सप्टेंबर 1648 रोजी पाऱ्याची नळी घेऊन हा डोंगर चढले, आणि उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हे सिद्ध झाले. माथ्यावर रोमन काळातल्या बुध देवतेच्या मंदिराचे अवशेष आहेत. आता तिथे दातेरी रुळांची गाडीही जाते, त्यामुळे दुपारी माथ्यावर बरीच गर्दी असते. सकाळी लवकर चढणे उत्तम.

तिथून दक्षिणेला वाट कुरणांतून आणि बीचच्या रानांतून उतरते. झाडांवर व खांबांवर पांढरी-तांबडी पट्टी रंगवलेली असते, ती दिसत राहिली म्हणजे वाट बरोबर आहे. ओर्सिव्हालला दरीच्या तळाशी आधी अष्टकोनी घंटाघर दिसते आणि मग करड्या रंगाचे, भक्कम, जमिनीला धरून बसलेले चर्च. दिवसभर पायाखाली असलेलाच ज्वालामुखीचा दगड इथे भिंतींत बसवलेला दिसतो. जुन्या गोव्याच्या उंच, चुना लावलेल्या दर्शनी भिंती पाहत वाढलेल्या माणसाला ही वास्तू चर्चपेक्षा तांबडी सुर्लच्या महादेव मंदिराच्या जवळची वाटते. कदंबांच्या काळातले ते मंदिरही साधारण त्याच जमान्यातले, बुटके आणि काळ्या पाषाणाचे. फरक एवढाच की तेथील दगड घाटापलीकडून आणला असे मानतात, तर ओव्हेर्नच्या गवंड्यांना तो दाराशीच मिळाला.

ओर्सिव्हालच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी बेड्या आणि साखळ्या टांगलेल्या आहेत. बंदिवासातून सुटलेल्यांनी नवस फेडताना त्या देवमातेला वाहिल्या. नवस बोलणे आणि फेडणे काय असते हे गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, म्हणून आमची मंडळी त्या साखळ्यांपाशीच सर्वांत जास्त रेंगाळली. आत अक्रोडाच्या लाकडाची, चांदीच्या मुलामा दिलेल्या पत्र्यांनी मढवलेली, मांडीवर बाळ घेतलेली ताठ बसलेली मेरी आहे.

या चर्चमध्ये अंधार का असतो, याचे कारण छतात आहे. मधल्या दालनावर पूर्ण दगडी, अर्धगोल छत आहे आणि त्याचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. तो पेलण्यासाठी दोन्ही बाजूंच्या सज्जांवर पाव वर्तुळाच्या कमानी रचून त्या मधल्या भिंतींना टेकवल्या आहेत. साहजिकच मधल्या भिंतींत वरच्या बाजूला खिडक्या ठेवायला जागा उरत नाही. उजेड येतो तो सज्जांतून गाळून आणि पूर्वेकडच्या गर्भगृहाच्या बाजूने, त्यामुळे दारातून आत शिरलेल्या माणसाची नजर आपोआप वेदीकडे वळते.

साँ-नेक्तेरचे चर्च गावाच्या वरच्या टेकाडावर आहे आणि त्यात स्तंभांचे 103 शीर्षभाग आहेत. गर्भगृहाभोवतीच्या काही शीर्षांवर रंगही आहेत. एका शीर्षावर येशूने भाकरींनी जमावाचे पोट भरल्याचा प्रसंग आहे, तर दुसरीकडे चक्क गाढव तंतुवाद्य वाजवत आहे. गावच्या नावाचे चीज तळघरांत मुरवतात. त्याची करडी साल पाहून आमच्यातल्या दोघांनी ते लांबूनच नमस्कार करून सोडून दिले, हे त्यांचे दुर्दैव.

ओव्हेर्नच्या पाच प्रमुख रोमनेस्क चर्चमध्ये सर्वांत मोठे असलेले इस्वारचे चर्च सखल प्रदेशात आहे. तिथे चालत जाण्यापेक्षा आगगाडी बरी. त्याच्या पाठच्या बाहेरील भिंतीवर बारा राशी कोरल्या आहेत. आतला भाग एकोणिसाव्या शतकात तांबड्या, हिरव्या, सोनेरी रंगांनी भरून काढला आहे, आणि अनेक जाणकार त्यावर नाक मुरडतात. नितळ दगड पाहून आल्यावर तो रंग मलाही भडक वाटला. पण मध्ययुगातही ही चर्च आतून रंगवलेलीच असत, आणि नितळ दगडाची आवड आपल्या काळाची आहे. शिवाय फोंडा महालातल्या रंगीत देवळांत लहानपण गेलेल्या मी तरी ही तक्रार फार ताणू नये.