क्लासची ॲक्टिव्हा आणि बापाच्या नावावरची केस

दहावीचा निकाल लागायचा अवकाश, आमच्या जुळे सोलापुरात घरोघरी एकच विषय, पोराला गाडी कधी? कॉलेज एका टोकाला, क्लास दुसऱ्या टोकाला, सिटी बसची वाट बघत बसलं तर अर्धा क्लास संपतो, मग आईची ॲक्टिव्हा पोराच्या हातात जाते. पोरगं सोळाचं असतंय, लायसन्स नसतंय, सगळ्यांना माहीत असतंय. "सावकाश जा रे" म्हणलं की आपलं काम झालं.

त्यात आता मोबाईल. परवा सात रस्त्याला सिग्नलवर माझ्या शेजारीच एक पोरगा थांबला होता, डाव्या हातात फोन, अंगठा टकाटक चाललेला, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, ह्यानं उजव्या हातानं ॲक्सिलरेटर पिळला आणि डावा अंगठा तसाच चालू! स्कूटीला पायात ब्रेक नसतो ओ, मागच्या चाकाचा ब्रेक डाव्या हातातच असतो. म्हणजे समोर कुणी आडवं आलं तर आधी फोन टाकायचा का ब्रेक दाबायचा, हे ठरवेपर्यंत खेळ खलास. वरनं घाबरून नुसता उजवा ब्रेक करकचून दाबला की गाडी घसरलीच म्हणून समजा.

हिशोब करून बघा. 40 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते, "आलो" एवढं टाईप करून पाठवायला तीन सेकंद धरले तरी 33 मीटर गाडी आंधळी. आणि होटगी रोडला किंवा विजापूर रोडला हंगामात संध्याकाळी उसाची डबल ट्रॉली पुढं असती, तिला मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, ती नीट बघणाऱ्यालाच दिसत नाही तर मान खाली घातलेल्याला काय दिसणार.

आता कायद्याचं. पोरांना वाटतं पकडलं तर पाचशे रुपयात मिटेल, आणि बापांनापण तेच वाटतं. मोटार वाहन कायद्यात 2019 ला 199अ नावाचं कलम आलंय, ते कुणी वाचत नाही. अल्पवयीन पोरानं गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीमालक, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वय 25 होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं, किल्ली न विचारता नेली" म्हणायचं असेल तर ते बापानंच सिद्ध करायचं, कोर्ट आधी संमती होती असंच धरून चालतं. हातात मोबाईल धरून चालवणं 184 कलमात, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये बसतंय, तिथं मोठ्यांनापण जेल होऊ शकते. आणि कुणाला उडवलं तर? इन्शुरन्स कंपनी बऱ्याचदा समोरच्याला पैसे देऊन टाकते आणि मग लायसन्स नव्हतं म्हणून तेच पैसे गाडीमालकाकडून वसूल करायला येते. ते आकडे लाखात असतात.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतंय की, असं एकजण मला ठासून सांगत होते. मिळतं, पण 50 सीसीपर्यंतच्या गाडीसाठी. ॲक्टिव्हा 110 ची आहे.

पण मला खरा राग पोरांचा येत नाही. ते मेसेज पाठवतं कोण? मित्र असतात, पण निम्मे मेसेज घरचेच. "कुठंयस?" "येताना दूध आण." आणि दोन मिनिटात रिप्लाय नाही आला की लगेच फोन, "मेसेज बघत नाहीस का रे?" पोरगं रस्त्यावर आहे हे आपल्याला माहीत असतंय आणि तरी निळी टिक पाहिजे असती.

आमच्या वहिनीला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, मग पोरगं क्लासला जाणार कसं? रास्त प्रश्न आहे. शेवटी गल्लीतल्या चार पोरांनी मिळून महिन्याची रिक्षा ठरवली. रिक्षावाल्या काकांना मी आधीच बजावलं, पोरं बसलेली असताना फोन घ्यायचा नाही. ते हसून म्हणाले, "मी कुठं घेतो ओ, आमची मिसेसच करत असती."