सिकलसेलचे औषध आणि विदर्भातील रुग्ण

नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोली-गोंदियाकडून येणारे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पाहिले की औषधाचा शोध लागणे आणि ते रुग्णाच्या हाती पडणे, यांतील अंतर मनाला फार लागते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध या आजारासाठी अमेरिकेत १९९८ सालीच मंजूर झाले. ते तुलनेने स्वस्तही आहे, परंतु त्याची मात्रा वजनावर ठरते, रक्ततपासणी वरचेवर करावी लागते आणि ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल लहानग्याला द्यायची कशी, हा प्रश्न आईपुढे उरतोच. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने मंजूर केलेल्या कॅसजेव्ही या जनुकीय उपचाराची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. म्हणूनच मुलांसाठीचे द्रवरूप औषध आणि तालुक्यातच होणारी रक्ततपासणी यांना नव्या संशोधनाइतकाच निधी मिळावा, असे मला मनापासून वाटते.